रस्त्यावर चालवण्यास अयोग्य

९ फेब्रुवारी

टिल्ल्या,

पाकीट फोडलंस हेच पुष्कळ झालं.

फोनवर बाबांच्या मागून माझा आवाज आला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस. चार वर्षं ऐकतेय. कागदाला तसं ठेवून देता येत नाही, म्हणून कागद. सहा फुटी बाप्याला टिल्ल्या म्हणणं शोभत नाही, पण सख्ख्या भावाचं दुसरं नाव माझ्या तोंडात बसत नाही.

उगाच लिहीत नाही, काम आहे. बाबांना वाळूवर जायचंय.

त्यांच्या डोळ्यांचं त्यांनी तुला सांगितलं नसणार. समोरचं दिसत नाही आता, फक्त कडेचं दिसतं. मला बघायचं असेल तर ते माझ्या शेजारच्या कपाटाकडे बघतात, मग मी त्यांना दिसते. आधी वाटायचं, रागावलेत. आता चहा देताना मीच जरा बाजूला उभी राहते. डॉक्टर म्हणाले, राहिलेलंही वर्षभरात जाईल. तेव्हापासून बाबांनी एकच धरून ठेवलंय, "एकदा वाळूवर ने. मग दिसलं न दिसलं सारखंच."

गाडी शेडमध्येच आहे, ताडपत्रीखाली. तुम्ही दोघांनी केलेली ती चार बीडलॉक चाकं भिंतीला टेकून उभी आहेत. बाबा रोज संध्याकाळी जातात, रिंगांवरून हात फिरवतात. काल मला जवळ बोलावून समजावून सांगितलं, जशी काही मी पाहुणीच. "साधा टायर हवेच्या जोरावर चाकाच्या लोखंडी डिस्कला धरून बसतो. वाळूत हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो नि गाडी रुतत नाही. पण हवा कमी झाली की वळताना टायर डिस्कवरून निसटतो. म्हणून ही रिंग. टायरची कड डिस्क आणि रिंगेच्या मध्ये चिमटीत धरायची, बत्तीस बोल्ट आवळायचे. मग हवा नावापुरती असली तरी टायर जागचा हलत नाही." तेरा वर्षं गाड्या तपासण्यात गेली माझी, टिल्ल्या! पण मी "हो का?" म्हटलं. तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

तर विचारायचं ते एवढंच, की बोल्ट किती आवळायचे? बाबा म्हणतात, "त्याच्या हाताला माहीत आहे." तुझा हात काही पोस्टाने येणार नाही. आकडा कळव.

ताई


२१ फेब्रुवारी

टिल्ल्या,

उत्तर नाही. असू दे. आकडा सापडला, शेडच्या दारामागे, खडूने, तुझ्याच अक्षरात. खाली लिहिलंयस, "समोरासमोरचे बोल्ट आवळत जा. घाई नको." कोणाला लिहिलं होतंस? बाबांना तर ही रीत पाठ होती.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. तुझ्या आठवणीत तो कसा आहे कोण जाणे. माझ्या आठवणीत आधी ऊन येतं. तपासणी केंद्राच्या पत्र्यावरून उतरून ते रांगेतल्या गाड्यांच्या काचांवर बसलं होतं, नि त्यात तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. गाडी धुऊन पुसून लखलखीत. रिंगा तर अशा घासलेल्या की त्यात माझे बूट दिसत होते. शेजारच्या सीटवर बाबा, मांडीवर कागदांची पिशवी.

मी गाडीभोवती एक फेरी मारली. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, सगळं चोख. चाकांपाशी वाकले नि तिथेच थांबले.

"या रिंगा रस्त्यावर चालत नाहीत," मी म्हटलं. "बोल्ट सैल पडतात, रिंग उडू शकते."

"वाळू इथून नऊ किलोमीटर तर आहे, ताई."

"इथे ताई नाही. नि रस्ता नऊ किलोमीटरचा असो की नऊ फुटांचा, तो रस्ताच."

रांगेतले लोक हसले. बाबांनी मान खाली घातली. मी शिक्का मारला, 'रस्त्यावर चालवण्यास अयोग्य', जरा जोरातच. तू किल्ली माझ्या टेबलावर फेकलीस. आठ दिवसांनी तू गाव सोडलंस.

शिक्का बरोबरच होता. आजही तोच मारीन. पण एक गोष्ट मी पोटात ठेवली, ती आता लिहिते. नियमात वाट होती. साधी चाकं लावून रस्त्याने जायचं, रिंगांची चाकं मागे ट्रेलरवर न्यायची, वाळूच्या तोंडाशी बदलायची. परतताना पुन्हा उलट. कोणीही अडवलं नसतं. मला तो नियम पान क्रमांकासकट माहीत होता. एका वाक्याचं काम होतं, नि मी ते वाक्य बोलले नाही.

का, ते सांगायला लाज वाटते. सातवीत असताना मी बाबांना म्हटलं होतं, मला लेथवर काम शिकवा. ते म्हणाले, "केस अडकतील मशीनमध्ये." दोन वर्षांनी त्यांनी तुला लेथपाशी उभं केलं. तेव्हा तुझे केस माझ्यापेक्षा लांब होते, आईने तुला माझीच रिबीन बांधायला दिली! मी दारात उभी राहून बघायचे. लोखंडाची ती निळी वळणदार तार मशीनवरून निघायची, वाफाळती, नि तुम्ही दोघं एका दिव्याखाली वाकलेले. मला तिथे जागाच नव्हती. त्या रिंगा मी तपासल्या तेव्हा इतक्या सुंदर होत्या की माझा जळफळाट झाला.

झालं लिहून. आता फाडायचं तर फाड.

ताई


६ मार्च

टिल्ल्या,

गेलो. नियमाप्रमाणे गेलो. साधी चाकं रस्त्याला, रिंगांची ट्रेलरवर. ट्रेलर माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या भावाचा. वाळूच्या तोंडाशी जॅक लावून चारही चाकं मी बदलली. बाबा माझ्या ओंजळीत एकेक नट ठेवत होते, आणि प्रत्येक वेळी "हा घे" म्हणत होते. पाऊण तासाने पाठीचा पार भुगा झाला होता, तरी ते "हा घे" ऐकत आणखी चार चाकं बदलली असती.

मग हवा सोडली. चारही टायर सुस्कारे टाकत हळूहळू पसरले, एखादं दमलेलं जनावर बसावं तसे. आणि गाडी वर निघाली. मी चालवत होते, पण चालवतेय असं वाटेना. टेकडी येते, आपण तिच्यावर जातो, पलीकडे उतरतो, नि कुठेही टेकल्यासारखं होत नाही. इंजिनाचा आवाजसुद्धा लांबून, दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा वाटत होता. स्वप्नात आपण जिना उतरतो नि पायऱ्या संपतच नाहीत, तसं. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. टिल्ल्या, मला इतकं आवडलं की मी तोंडाने गुणगुणत होते, हे बाबांनी सांगितल्यावर कळलं.

सगळ्यात उंच टेकडीवर थांबलो. बाबा उतरले. वाळू बघायची म्हणून आभाळाकडे तोंड केलं, मग त्यांना पायाजवळची वाळू दिसली. वाऱ्याने तिच्यावरून बारीक धुरळा धावत होता, रेघा उठत होत्या नि पुसत होत्या. बराच वेळ उभे होते. म्हणाले, "सगळी हलतेय की गं. मला वाटायचं, डोळ्यांचा दोष."

मग परत आलो. बाबा बरे आहेत.

ताई


१२ मार्च

टिल्ल्या,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. ते पत्र मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलं.

बाबा टेकडीवरून गाडीकडे यायला वळले नि खाली बसले. धपकन नाही, कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे. चेहरा राखेसारखा. मी हात धरला तर नाडी लागेना, मग लागली, इतकी सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये मी त्यांना हाका मारत होते. कसंबसं सीटवर घेतलं. टेकड्या उतरून तोंडाशी आले तेव्हा फोनला रेंज मिळाली. रुग्णवाहिका यायला नि परत जायला चाळीस मिनिटं, असं सांगितलं. चाकं बदलायला पाऊण तास. आणि समोर तोच रस्ता, नऊ किलोमीटरचा.

चाकांकडे बघितलं. बोल्ट पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायचे असतात. मी आवळले नव्हते. बाबा खुशीत होते, मीही होते, राहून गेलं.

टायरमध्ये पंपाने हवा भरली, पुरती नाही, निम्मीशिम्मी. ट्रेलर तिथेच सोडला. आणि तीच चाकं घेऊन रस्त्यावर चढले. चारही दिवे लुकलुकत ठेवून, तीसच्या वर न जाता. स्टिअरिंग थरथरत होतं. बाबा मधेच शुद्धीवर येऊन म्हणाले, "आवाज ऐक. मागचं डावं." मी म्हटलं, "ऐकतेय." दुसरं करणार काय?

अठरा-वीस मिनिटांत दवाखाना. त्यांच्या छातीत आता डबीएवढं यंत्र बसवलंय, ते नाडी चुकू देत नाही. आता खरंच बरे आहेत, हे अगदी खरं. मी डॉक्टरांना विचारलं, "आणखी पाऊण तास गेला असता तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." मला हो तरी हवं होतं नाहीतर नाही तरी. तेवढंही मिळालं नाही.

संध्याकाळी गाडीपाशी गेले. मागच्या डाव्या चाकाचे तीन बोल्ट बोटाने फिरत होते. एक नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शोधायला निघाले. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काठीला बांधलं नि रस्त्याच्या कडेने चालत सुटले. धुकं होतं. गाड्या धुक्यातून दिव्यांसकट यायच्या नि विरघळून जायच्या. चुंबकाला काय काय चिकटलं! खिळे, वॉशर, अर्धी कात्री, केसांची पिन, कोणाच्या तरी घराची किल्ली. इतकी वर्षं मी त्या रस्त्यासाठी नियम लावतेय, पण त्यावरून कधी पायी गेले नव्हते. पाच-सहा किलोमीटर झाले असतील. एका वळणावर बसथांबा आहे, तिथे बाकावर एक म्हातारी बसली होती. काठी मांडीवर आडवी.

"काय शोधतेस गं?" तिने विचारलं.

"एक बोल्ट. एवढासा."

तिने पदराची गाठ सोडली नि तो माझ्यापुढे धरला. "हा का? काल दुपारी टणकन आला. माझ्या काठीला लागला. बघ, टवका उडालाय." काठीवर खरंच ताजी पांढरी खूण होती, तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

मी त्या खुणेवर बोट ठेवलं. ती म्हणाली, "घे की. तुझाच ना? मला वाटलं कोणीतरी शोधत येईल, म्हणून जपून ठेवला." वर मलाच पाणी दिलं. मी सांगितलं, माझ्याच गाडीचा, मी अशी अशी आणली. ती जरा वेळ काठीकडे बघत बसली. मग म्हणाली, "वडील वाचले ना? मग बस इथे घटकाभर. धापा टाकतेस." तिने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून तशीच साहेबांकडे गेले, चुंबक हातात. सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "कोणी तक्रार केलीये?"

"नाही."

"कॅमेऱ्यात आलीये गाडी?"

"माहीत नाही."

"मग कशाला हा उद्योग? वडील आजारी होते. मीही हेच केलं असतं."

"मीही पुन्हा हेच करीन," मी म्हटलं. "पण उद्या मी कोणाला तरी शिक्का मारणार. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघता आलं पाहिजे ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला. "तू फार अवघड बाई आहेस," म्हणाले, नि कागद पुढे केला. तीन महिने तपासणीचं काम बंद. जुन्या फायलींच्या खोलीत बसते आता. धूळ आहे, पण शांत आहे.

पहिल्या दिवशी तिथे तुझ्या गाडीचा कागद काढून बघितला. माझी सही इतकी रागीट आहे की कागद फाटलाय.

चुकलं माझं, टिल्ल्या. शिक्का नाही, ते वाक्य.

ताई


२ एप्रिल

गाढवा,

तुझं पत्र आलं. पाकिटावर रोपवाटिकेचा शिक्का बघून वाटलं, कोणी चुकून बियाण्यांची यादी पाठवली. आत तुझं अक्षर. चार पानं! मी ती जिन्यातच उभी राहून वाचली, मग पायरीवर बसून पुन्हा वाचली.

तुला तो नियम माहीत होता. ट्रेलरचा. आधीपासून!

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवते, कारण अजून माझा विश्वास बसत नाही. "ताई, मला वाळूची भीती वाटायची. रिंगा व्हायच्या आधी, साध्या चाकांवरच्या पहिल्याच चाचणीत मी एकटा असताना गाडी टेकडीवरून आडवी घसरत गेली, मी डोळे मिटून बसून राहिलो. बाबांना सांगितलं नाही. पुढे त्यांनी सहा महिने खपून रिंगा केल्या. तुझ्याकडे गाडी आणली ती तू नाकारशील म्हणून आणली. ट्रेलरचं बोलली असतीस तर मी मेलो असतो. तू शिक्का मारलास नि माझ्या जिवात जीव आला. मग रागावल्यासारखं करावं लागलं, बाबा बघत होते. एकदा रागावल्यावर थांबायचं कधी ते कळेना. चार वर्षं झाली."

चार वर्षं! मी इथे रोज त्या एका वाक्यावरून स्वतःला कुरतडत बसले, नि तू तिकडे सुखाने कलमं बांधत होतास! पत्र भिंतीवर फेकलं. कागदच तो, लागतो थोडाच. मग हसू आलं, मग रडू, मग शेजारीण दार उघडून बघायला आली.

तू लिहिलं होतंस, "बाबांना वाचून दाखव, मला तोंडाने जमणार नाही." दाखवलं. ते शेडमध्ये स्टुलावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. भीतीचा भाग पुन्हा वाचायला लावला.

"मला कुठे वाळूचं वेड होतं?" म्हणाले. "त्याला आवडतं म्हणून मी करत होतो. एकदा ने म्हटलं, तेही त्याला एवढं काय आवडतं ते बघायला. रोज विचारायचा ना, 'बाबा, रिंगा कुठवर आल्या?' मला वाटलं, पोरगा आसुसलाय."

"तो घाबरून विचारत होता, बाबा. किती दिवस उरले म्हणून."

बाबांनी मान वळवली. मग माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघायला लागले, म्हणजे माझ्याकडे.

"मग त्या दिवशी टेकडीवर गुणगुणत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुला आवडतं होय गं हे?"

सातवीपासून, असं म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी नुसतं "हो" म्हटलं. त्यांनी हात पुढे केला, माझा हात धरला नि लेथच्या हँडलवर ठेवला. वर आपला हात ठेवला. मशीन बंदच होतं. "हळू फिरवायचं," म्हणाले, "लोखंड कुठे कबूल होतं ते हाताला कळतं. डोळे लागत नाहीत." आम्ही कितीतरी वेळ बंद मशीन फिरवत होतो. बाहेर कपडे वाळत होते, शेडमध्ये त्यांच्या सावल्या हलत होत्या. मध्येच ते म्हणाले, "केस मात्र बांध."

तेव्हापासून रोज तासभर बसतो. काल मशीन सुरू केलं. पहिलीच तार तुटली. दुसरी अखंड निघाली.

तू येतोस का? तुझ्यावर रागावलेय, त्यामुळे यायची वेळ चांगली आहे. बाबा म्हणतात, तुला बघायचंय, अजून कडेचं दिसतंय तोवर. तुला वाळूवर कोणी नेणार नाही.

ताई


१९ एप्रिल, शनिवार, सकाळी

टिल्ल्या,

तू आतल्या खोलीत घोरतोयस, म्हणून टेबलावर लिहून ठेवतेय. पाचच पावलांवर आहेस नि मी पत्र लिहितेय, सवय लागली.

काल जेवताना आपण एकमेकांशी "मीठ दे" एवढंच बोललो. तरी बरं वाटलं. बाबा सगळं जेवण भिंतीकडे बघत जेवले, तुझ्यावरची नजर एकदाही हलली नाही. तुझ्या लक्षात आलं का? तुला वाटलं असेल, रागावलेत.

तू आणलेल्या रोपांवर पाणी शिंपडलंय. ते काटेरी रोप दारात ठेव, बाबांचा हात लागेल तिथे नको.

आम्ही दोघं वाळूवर जातोय. डॉक्टरांनी होकार दिलाय, पहिल्या टेकडीपर्यंतच. साधी चाकं लावून जातो, दुसरी ट्रेलरवर आहेत, बोल्ट मी काल दोनदा आवळलेत आणि वाळूवर पुन्हा आवळीन. बाबा तुला उठवायला निघाले होते. दारापर्यंत गेले, तुझं घोरणं ऐकत उभे राहिले नि परत आले. "झोपू दे," म्हणाले. "लांबून आलाय."

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. वारा सुटला तर खिडकी लाव, नाहीतर घरभर वाळू होते. दुपारपर्यंत येतो.

तू घरीच राहा.

ताई